थंड प्रदेशातील मोटारसायकल प्रवासासाठी विजेवर तापणारे कपडे: निवड, जोडणी आणि वापर

ठाणे, ऐरोली, वाशी किंवा पनवेल इथे राहणाऱ्या मोटारसायकलस्वाराला घराच्या परिसरात विजेवर तापणाऱ्या कपड्यांची गरज पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे घोडबंदर रस्त्यावर किंवा पाम बीच मार्गावर जो गारवा जाणवतो, त्याला वारा अडवणारे एक बरे जॅकेट पुरते. मात्र इथले अनेक चालक दरवर्षी स्पिती, लडाख किंवा तवांगकडे निघतात, आणि खाडीकाठच्या दमट, उबदार हवेत वावरणाऱ्या शरीराला तिथल्या थंडीची काहीच सवय नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांचा प्रवास माळशेज, कसारा किंवा महाबळेश्वरच्या पुढे जाणार नाही, त्यांनी हा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच पैशांत चांगले हातमोजे, थर्मल आणि गळ्याभोवतीचा बफ घ्यावा. महाराष्ट्रातला हिवाळा तेवढ्यावर व्यवस्थित निभावतो.

थंडी मोजताना केवळ तापमानाचा आकडा पाहणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते. २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेने स्वीकारलेल्या सूत्रानुसार, हवेचे तापमान ५ अंश सेल्सिअस असताना ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा उघड्या त्वचेला उणे २ अंशांसारखा लागतो. तापमान ० अंश आणि वेग ताशी ८० असेल, तर तोच गारठा उणे १० अंशांच्या जवळ जातो. चालत्या मोटारसायकलवर हा वारा आपण स्वतःच निर्माण करत असतो आणि तो तासन्‌तास थांबत नाही. त्यात उंचीची भर पडते. दर १,००० मीटर चढाईला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे सुमारे २,००० मीटरवरच्या मनालीहून निघून त्याहून जवळजवळ २,८०० मीटर उंच असलेल्या बारालाचा ला या खिंडीत पोहोचेपर्यंत, ऊन तेच असले तरी हवा सुमारे अठरा अंशांनी थंड झालेली असते. सकाळी मनालीत जेवढे कपडे पुरेसे वाटतात, तेवढ्यावर दुपारी खिंडीत हात चालेनासे होतात, ते यामुळे.

हात चालेनासे होणे ही केवळ गैरसोय नाही. बोटे बधिर झाली की क्लचचा दाब कळत नाही, ब्रेकच्या लिव्हरवर बोट पोहोचायला उशीर होतो, इंडिकेटरचे बटण चाचपडावे लागते. यामागचे कारण समजून घेतले, तर कोणता कपडा आधी घ्यावा हे आपोआप ठरते. धडाचे तापमान उतरू लागले की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते आणि रक्त हृदय, फुप्फुसे, मेंदू यांच्यासाठी राखून ठेवते. त्यामुळे थंडी बोटांना वाजत असली, तरी उपाय बहुतेक वेळा छाती आणि पाठ उबदार ठेवण्यात असतो. धड गरम राहिले, तर साध्या पण चांगल्या हातमोज्यांतही बोटे बराच वेळ टिकतात. धड गारठलेले असेल, तर महागडे तापणारे हातमोजेही अपुरे पडतात. म्हणून माझा आग्रह असा, की पहिली खरेदी तापणाऱ्या बंडीची किंवा जॅकेटच्या आतल्या लायनरची असावी, त्यानंतर हँडलच्या तापणाऱ्या ग्रिपा किंवा हातमोजे घ्यावेत आणि विजार व मोजे सर्वांत शेवटी पाहावेत.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानांतले सैनिक विजेवर तापणारे पोशाख घालत असत, आणि मोटारसायकलस्वारांसाठी असे कपडे १९७०च्या दशकात अमेरिकेत विकले जाऊ लागले. आत बसवलेल्या बारीक, लवचीक तारांतून किंवा कार्बनच्या धाग्यांतून वीज वाहते आणि त्या तापतात, एवढेच त्यांचे तंत्र आहे.

पहिली पायरी: गाडीकडे किती वीज शिल्लक आहे हे पाहावे

कपडा निवडण्याआधी गाडीचे माहितीपुस्तक उघडावे आणि त्यात अल्टरनेटरची, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या भागाची, क्षमता किती वॅट दिली आहे ते शोधावे. पुस्तकात नसेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे. गाडी चालू असताना बॅटरी ही केवळ साठवणीची टाकी असते. वीज तयार करतो तो इंजिनाबरोबर फिरणारा अल्टरनेटर, आणि त्याच्या क्षमतेबाहेर खर्च केला, तर तूट बॅटरीतून भरली जाते व काही तासांत बॅटरी उतरते. खिंडीत गाडी एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरूच होऊ नये, याहून वाईट प्रसंग त्या उंचीवर क्वचितच असेल.

हिशोब कसा करावा ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका एकसिलिंडर गाडीचा अल्टरनेटर २३० वॅटचा आहे. पुढचा हॅलोजन दिवा ५५ वॅट घेतो आणि तो बंद करण्याची सोय नाही, कारण १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असताना सतत पेटलेला असतो. मागचा दिवा, मीटर, इंधनपंप, इंजेक्शन आणि इग्निशन यांचे मिळून ७५ ते ८० वॅट धरले, तर सुमारे ९५ वॅट उरतात. मोबाइलच्या चार्जरला दहा-पंधरा वॅट द्यावे लागतात, आणि थोडी राखीव वीज सोडलीच पाहिजे, म्हणून कपड्यांसाठी प्रत्यक्षात साठ वॅट हाती राहतात. आता मागणी पाहू. पूर्ण बाह्यांचा तापणारा लायनर साधारण ६५ ते ९० वॅट घेतो, बिनबाह्यांची बंडी पन्नासच्या आसपास, हातमोज्यांची जोडी २५ ते ३०, ग्रिपा ३० ते ४०. म्हणजे या गाडीवर बंडी बसते, बंडी आणि हातमोजे कमी तापमानावर कसेबसे बसतात, पण लायनर, हातमोजे आणि वर जादा फॉगलॅम्प हा बेत सोडून द्यावा लागतो. हॅलोजनच्या जागी गाडीला मान्य असलेला एलईडी दिवा असेल, तर तीसेक वॅट मोकळे होतात.

यात एक मेख आहे. अल्टरनेटरची छापील क्षमता इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांनाच मिळते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये खडबडीत रस्त्यावर हळूहळू चढताना, किंवा लष्करी वाहनांचा ताफा जाईपर्यंत इंजिन चालू ठेवून थांबलेले असताना, वीज त्याच्या निम्मीही तयार होत नसेल, आणि थंडी तर तेव्हाच सर्वाधिक जाणवते. त्यासाठी हँडलवर एक छोटा व्होल्टमीटर बसवून घ्यावा. गाडी चालत असताना आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असणे ठीक समजावे. तो १३ च्या खाली उतरून तिथेच राहू लागला, तर कपड्यांची उष्णता लगेच कमी करावी.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मालकांनी स्कूटरच्या वायरिंगमधून हे कपडे चालवण्याचा विचारही करू नये. त्यांतला १२ व्होल्टचा पुरवठा दिवे, हॉर्न आणि मीटर यांच्यापुरताच बेतलेला असतो.

दुसरी पायरी: कपड्याचा प्रकार ठरवावा

बाजारात तीन प्रकार दिसतात आणि ते दिसायला इतके सारखे असतात की फसगत सहज होते. पहिला प्रकार गाडीच्या बॅटरीला जोडण्याचा, १२ व्होल्टचा. दुसरा स्वतःची ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी असलेला, जो मुख्यतः हातमोज्यांत आढळतो. तिसरा मोबाइलच्या पॉवरबँकेवर चालणारा ५ व्होल्टचा. ऑनलाइन दुकानांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त जाहिरात असलेला हा तिसरा प्रकारच असतो. त्याचा हिशोब सोपा आहे: ५ व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे १० वॅट. मनालीच्या बाजारात संध्याकाळी फेरफटका मारायला ही ऊब छान आहे, पण ताशी साठच्या वाऱ्यात दहा वॅटने धड गरम राहत नाही. खरेदीपूर्वी वॅटचा आकडा विचारावा, आणि विक्रेता तो सांगू शकत नसेल तर वस्तू घेऊ नये.

७.४ व्होल्टच्या हातमोज्यांना तार लागत नाही ही त्यांची मोठी सोय आहे. पण त्यांची बॅटरी पूर्ण तापमानावर साधारण दोन तास टिकते, आणि लिथियम बॅटरीची क्षमता थंडीत आणखी घटते. दिवसाचे आठ-आठ तास गाडी चालवायची असेल, तर हे हातमोजे फक्त खिंडीच्या टप्प्यापुरते वापरावेत किंवा बॅटऱ्यांचा दुसरा संच ठेवावा. जे मनाली किंवा लेहमध्ये गाडी भाड्याने घेणार आहेत, त्यांना मात्र हाच प्रकार व्यवहार्य आहे, कारण परक्याच्या गाडीच्या बॅटरीला हात लावणे मालकाच्या परवानगीशिवाय योग्य नाही. विमानाने जाताना या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. स्वतःची गाडी रेल्वेच्या पार्सलने पाठवणाऱ्यांनी पेट्रोलची टाकी रिकामी करण्याच्या नियमाबरोबरच, तापणाऱ्या कपड्यांची बाहेर लोंबणारी वायर गुंडाळून सीटखाली सरकवावी. पार्सल चढवता-उतरवताना ती ओढली जाऊन तुटते.

मापाबाबत काटेकोर राहावे. तापणारा लायनर अंगाला घट्ट बसला तरच उपयोगी पडतो. तार आणि अंग यांच्यामध्ये हवेची पोकळी राहिली, तर ऊब अंगापर्यंत पोहोचतच नाही, आणि मग चालक उष्णतेचा नॉब पूर्ण फिरवून बॅटरी उतरवून बसतो.

तिसरी पायरी: जोडणी

हे काम घरी करता येण्याजोगे आहे, तरी वायरिंगची सवय नसेल तर चांगल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून, पण स्वतः शेजारी उभे राहून, करून घ्यावे. गाडीच्या मूळ वायरिंगला काप देऊन किंवा हेडलाइटच्या वायरला टाका मारून वीज घेऊ देऊ नये. त्यात वॉरंटीचाही प्रश्न येतो आणि आगीचाही. कपड्याबरोबर येणारी वायर थेट बॅटरीला जोडायची असते. आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. लाल वायर धन टोकाला आणि काळी ऋण टोकाला, डोळ्याच्या आकाराच्या थिंबलने, बॅटरीच्या मूळ स्क्रूखालीच घट्ट बसवावी आणि ऋण बाजू सर्वांत शेवटी आवळावी. लाल वायरवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. ७७ वॅटचा लायनर १२.८ व्होल्टला ६ अँपिअर घेतो आणि चालत्या गाडीच्या चढ्या व्होल्टेजला थोडे अधिक, म्हणून त्यासाठी १० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. वायर निराळी आणावी लागली, तर वाहनांसाठीची १.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. घरगुती फिटिंगची वायर इंजिनाच्या उष्णतेने आणि हादऱ्यांनी लवकर खराब होते.

किल्ली बंद केली की वीजही बंद व्हावी यासाठी मध्ये रिले, म्हणजे किल्लीबरोबर आपोआप चालू-बंद होणारा स्विच, बसवून घेणे उत्तम. तसे नसेल, तर चहाला थांबताना कंट्रोलर बंद करायचा राहून गेला की बॅटरी उतरते. उष्णता कमी-जास्त करणारा कंट्रोलर मात्र टाळू नये. केवळ चालू-बंद बटणावर अंग कधी भाजते, कधी गारठते.

वायर बाहेर कुठून काढायची हा प्रश्न बारीक वाटतो, पण रोजच्या वापरात सर्वांत जास्त त्रास त्याचाच होतो. आपण गाडीवर डावीकडून चढतो-उतरतो, म्हणून कपलर, म्हणजे गाडीची आणि कपड्याची वायर जिथे जोडली जाते तो जोड, सीटच्या डाव्या बाजूला, मांडीजवळ असावा आणि त्याची मोकळी लांबी एवढीच असावी की उभे राहून पेगवर चालवताना ती ताणली जाणार नाही. सायलेन्सरच्या बेंडपासून वायर दूर ठेवावी. ती समोर नेली असेल, तर हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे चिमटत नाही ना हे बघावे. कपलर हलक्या झटक्याने सुटणारा हवा. उतरताना वायर काढायला विसरलो किंवा गाडी आडवी झाली, तर तो आपोआप निघून यायला हवा. म्हणून लॉकचा कपलर इथे नको. वापर नसताना त्याच्या तोंडावर रबरी टोपी लावलेली असावी.

चौथी पायरी: थर कसे चढवावेत

अंगाला लागून पातळ, घट्ट थर्मल घालावे, ते मेरिनो लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे असावे. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि अंग गार करते. त्यावर तापणारा लायनर, त्यावर हवे असल्यास फ्लीस, आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारे, संरक्षक पॅड असलेले रायडिंग जॅकेट. हा क्रम उलटवू नये. थर्मल आणि लायनर यांच्यामध्ये जाड स्वेटर घातला, तर ऊब स्वेटरच्या बाहेरच राहते आणि वाऱ्याबरोबर निघून जाते.

लायनर थेट उघड्या त्वचेवर घालू नये, हे आवर्जून सांगावेसे वाटते. फार गरम न वाटणारी उष्णताही एकाच जागी तासन्‌तास लागत राहिली तर त्वचा भाजते. ४४ अंशांच्या आसपास हे काही तासांत घडू शकते. मधुमेहामुळे ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना हे कळतही नाही. अशा व्यक्तींनी, आणि पेसमेकर बसवलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे कपडे वापरू नयेत.

वारा आत शिरण्याच्या जागा तीन: गळा, मनगट आणि कंबर. गळ्याशी बोटभर फट राहिली, तरी लायनरची निम्मी मेहनत वाया जाते.

पाचवी पायरी: घरच्या घाटात चाचणी

नवे साहित्य घेऊन थेट हिमालयात जाऊ नये. जानेवारीत पहाटे साडेचारच्या सुमारास माजिवड्याहून नाशिक महामार्गाने निघावे. भिवंडी, शहापूरपर्यंत हवा सौम्य असते. कसारा घाट चढून इगतपुरीला लागेपर्यंत फरक कळतो, आणि पुढे नाशिक-निफाडच्या पट्ट्यात थंडीच्या लाटेत पारा एक आकडी होतो. नवी मुंबईकरांना दुचाकीने द्रुतगती महामार्गावर जाता येत नाही, पण पनवेल-खोपोली-लोणावळा हा जुना रस्ता, किंवा कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज चढून ओतूर-जुन्नरकडे जाणे, हे पर्याय चांगले आहेत.

या फेरीत तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: कोणत्या वेगाला व्होल्टमीटर किती दाखवतो, नॉब कुठे असताना अंगाला बरे वाटते, आणि हातमोजे घातलेल्या हाताने कंट्रोलरचे बटण सापडते का. परतीच्या वाटेवर अकरानंतर ऊन चढते आणि शहापूरपासून खाली घाम फुटतो, तेव्हा लायनर काढून ठेवायला बॅगेत जागा आहे का हेही तिथेच कळते.

प्रत्यक्ष प्रवासात

इंजिन सुरू करून पाच-सात मिनिटे झाल्यावर कपडे चालू करावेत, कारण थंड सकाळी स्टार्टर मारताना बॅटरीवर आधीच ताण आलेला असतो. थंडी भरण्याची वाट मात्र पाहू नये. गारठलेले शरीर पुन्हा गरम करायला लागणारी वीज, गरम असलेले शरीर तसेच ठेवायला लागणाऱ्या विजेच्या कितीतरी पट असते. नॉब इतकाच ठेवावा की ऊब मुद्दाम जाणवणार नाही. घाम आला, तर उष्णता जास्त झाली असे समजून ताबडतोब कमी करावी. ओले थर्मल खिंडीत घातक ठरते.

विजेवर पूर्ण भिस्त ठेवू नये. फ्यूज उडतो, तार तुटते, कधी आरआर युनिटच (अल्टरनेटरची वीज बॅटरीजोगी करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) जाते. म्हणून सामानात एक जादा फ्लीस, जाड हातमोजे आणि सुट्या फ्यूजांची पुडी असावी, आणि वीज गेली तरी पुढच्या वस्तीपर्यंत पोहोचता येईल एवढे कपडे असावेत. काहीच नसेल, तर जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या सारून झिप लावावी; जुने चालक हा उपाय करत आले आहेत आणि तो खरोखर काम करतो. सोबत्याकडेही लक्ष ठेवावे. तो अनावर कुडकुडत असेल, बोलताना अडखळत असेल, साध्या प्रश्नाला भलतेच उत्तर देत असेल, तर त्याला पुढे गाडी चालवू देऊ नये. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेल्याची ही लक्षणे आहेत. त्याला आडोशाला नेऊन कोरडे कपडे, गरम गोड पेय द्यावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. दारूने ऊब येते हा समज चुकीचा आहे. दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीर अधिकच वेगाने थंड होते.

परतल्यावर

लायनर कोमट पाण्यात, कपलरला टोपी लावून, हाताने धुवावा. तो पिळू नये, इस्त्री करू नये, ड्रायक्लीनला देऊ नये. सावलीत पसरून वाळवावा. घडी घालून कपाटात कोंबल्यास तारा घडीवर तुटतात, म्हणून हँगरवर टांगावा. आपल्याकडची खरी कसोटी पावसाळ्याची आहे. खाडीकाठच्या हवेत चार महिन्यांत पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, तो विजेला अडवतो आणि कपलर तापतो. जूनआधी पिना पुसून त्यांवर ओलावा अडवणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावावे, कापडात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि लिथियम बॅटऱ्या अर्ध्या चार्ज करून कोरड्या जागी वेगळ्या ठेवाव्यात.

पुढच्या हंगामाआधी, तिकिटे काढण्याच्या सुमारास, मल्टिमीटरने लायनरच्या कपलरवर रोध मोजावा. ७७ वॅटच्या लायनरला तो २ ओहमच्या थोडा वर यायला हवा. मीटरने काहीच जोडणी दाखवली नाही, तर आतली तार तुटलेली आहे, आणि लायनर हलवताना आकडा उड्या मारत असेल तर ती तुटायला आली आहे. अशा लायनरला घरी टाका मारू नये, तो विक्रेत्याकडे दुरुस्तीला पाठवावा, आणि त्यासाठी महिनाभराचा अवधी हाताशी ठेवावा.